अनोळखी घराची सावड

माझ्या जाऊबाईला लग्नानंतर अकराव्या वर्षी मुलगी झाली. मुलगी तिच्याच पोटात वाढली, तिनेच जन्म दिला, पण ज्या बीजापासून ती झाली ते दुसऱ्या कोणा बाईचं होतं. जाऊबाईची स्वतःची बीजं वयाच्या आधीच संपली होती. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुसरीचं बीज घेतलं तर पोट राहील, आणि तसंच झालं. ही गोष्ट घरात चार माणसांना माहीत आहे. जाऊबाई, मोठे दीर, माझा नवरा आणि मी. आता या वहीला माहीत झाली, म्हणून वहीत कोणाचं नाव लिहीत नाही.

आम्ही कनेरगाव नाक्यापासून आत एका गावात राहतो. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक अंगण. मी चौथी शिकलेली आहे. माझा मुलगा आता तिसरीत आहे, पुढच्या वर्षी तो माझ्या बरोबरीला येईल. चारचौघांत मला बोलता येत नाही. कोणी काही विचारलं तर उत्तर घरी आल्यावर सुचतं. जाऊबाई उलट आहे. एसटीत बसली की दोन थांबे जायच्या आत शेजारणीचं माहेर विचारून मोकळी होते.

मुलगी झाल्यापासून तिला एक सवय लागली. बाजारात, गाडीत, दवाखान्यात कोणतीही तरणी बाई दिसली की तिच्या तोंडाकडे बघत राहायची. मग मला कोपर मारायची.

"तिची हनुवटी बघ. आपल्या पोरीवानी हाय का न्हाई?"

"असू द्या बाई. ती बघून राहिली आपल्याकडं."

"बघू दे. तीच असली तर?"

"तीच असली तर काय म्हणाल तिला?"

तोवर ती दुसऱ्या बाईकडे बघायला लागलेली असायची. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, देणारीला घेणारीचं नाव कळत नाही, घेणारीला देणारीचं नाही. कायदाच तसा आहे. तरी जाऊबाईचं बघणं थांबलं नाही. तीन वर्षं ती बघत होती.

आमच्याकडे खुरपणीला, हळद काढायला सावड असते. आज तुमच्या रानात आमच्या घरची बाई, उद्या आमच्या रानात तुमच्या घरची. मजुरी नाही, दिवसाला दिवस. सावड घराची असते, माणसाची नसते. जिनं घेतली ती आजारी असली तर घरातली दुसरी जाते. कोणी किती पाती, म्हणजे ओळी, खुरपल्या हे कोणी मोजत नाही. आपल्या घरातून एक माणूस गेलं, दिवस भरला, सावड फिटली. जी बाई सावड घेऊन फेडायला जात नाही तिच्याबद्दल लोक फार बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी तिच्या रानात कोणी येत नाही.

एकदा सोयाबीन खुरपताना जाऊबाई पात सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "तिची सावड राहिली बघ आपल्याकडं. आणि घरच माहीत न्हाई."

मी खुरपत राहिले. ती काय म्हणाली ते मला लगेच कळलं होतं. बोलायला मला वीस-बावीस दिवस लागले. एका सकाळी ती अंगणात भांडी घासत होती, तेव्हा तिच्या पाठीमागे उभी राहून मी म्हणाले, "मी जाते."

"कुठं?"

"नांदेडला. बीज द्यायला."

तिनं वळून बघितलं नाही. हातातलं पातेलं घासतच राहिली. मग म्हणाली, "येडी झाली काय? मी सहज बोलले ते."

"सहज कसं. रोज लोकाच्या हनुवट्या बघता."

"तुला एक सुई टोचली तर तू डोळे मिटून रडती. पोराच्या डोसाला सुद्धा मी घेऊन गेले."

"तुमी चला माझ्यासंगं."

ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दवाखान्याची जुनी फाईल ट्रंकेतून काढली.

नवऱ्याला सांगणं अवघड गेलं, दिवाळी झाल्यावर सांगितलं. तो ऐकून बराच वेळ दाढी खाजवत बसला. आधी विचारलं, "तकलीफ किती हाय?" मी सांगितलं, दहा-बारा दिवस सुया, मग एक दिवस झोपवून काढतात. मग त्यानं खरी भीती सांगितली.

"उद्या आपल्या पोरानं त्याच लेकराशी लगीन लावलं तर? बहीण-भाऊ व्हतील ते."

"आपलं पोरगं शाळेला जायला रडतं. ते कुठं नांदेड पालथं घालतं?"

तो हसला, पण सही करण्याआधी त्यानं डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं, सगळी नोंद ठेवतात, एकीचं बीज एकाच घरी जातं. मग त्यानं सही केली.

पहिल्या फेरीत मला एका खोलीत एकटीला बसवलं. समोर एक तरुण बाई होती, तिचं काम नुसतं विचारायचं. जाऊबाईला बाहेर काढलं.

"तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का?"

मी मान हलवली.

"मग का द्यायचं आहे?"

मी टेबलाकडे बघत बसले. तिनं घाई केली नाही. शेवटी मी म्हणाले, "आमच्या घरी एक आलेलं आहे. सावड फेडायची आहे."

सावड म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. परक्या माणसाशी एवढं मी कधी बोलले नव्हते. तिनं लिहून घेतलं आणि म्हणाली, "पण ज्यांनी तुमच्या जावेला दिलं, त्यांना तर हे जाणार नाही."

"माहीत आहे."

"मग फिटली कशी?"

"त्यांचं घर माहीत न्हाई. कोणाच्या तरी रानात जायचंच."

तिनं तेही लिहून घेतलं. मग पुढचा प्रश्न विचारला, झोप लागते का.

कागद मराठीत होते. मी अक्षर अक्षर लावून वाचले, नर्स थांबून होती. त्यात एक ओळ होती, की हे आयुष्यात एकदाच देता येतं. मी नर्सला विचारलं, "आणि वाया गेलं तर?"

"सुई घातली आणि काही मिळालं नाही, तरी ती तुमची एक वेळ झाली."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण वाया जाणं मी बघितलं होतं. जाऊबाईची मुलगी दुसऱ्या खेपेची. पहिल्या खेपेला ती महिनाभर गोळ्या खाऊन, पोट तयार करून, कपड्यांची पिशवी भरून नांदेडला गेली होती, आणि ऐन दिवशी सांगितलं की देणाऱ्या बाईची बीजं हाती लागली नाहीत. ती संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं घरातले सगळे कपडे धुतले, धुऊन घडी घालून ठेवलेले सुद्धा. अंगणातल्या दोऱ्या पुरल्या नाहीत, तेव्हा कुंपणावर वाळत घातले. ते कुंपण माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता माझी वेळ आली, तर कुठेतरी एक बाई गोळ्या खाऊन पिशवी भरत असणार. तिचं कुंपण मला नको होतं. बाकी मला काही सिद्ध करायचं नव्हतं.

येण्याजाण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे दवाखाना देतो, विमा काढतो. ते मी घेतले. सावडीला गेल्यावर दुपारची भाकरी त्या घरची खातो, तसं ते.

रक्त तपासल्यावर ते कमी निघालं. वाढवून या म्हणाले. मग जाऊबाईनं मला खाऊ घालायला घेतलं. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खारीक, रोज पालेभाजी, लोखंडाच्या कढईतली. मी खाताना ती समोर बसायची, उठू द्यायची नाही. मला दिवस गेले होते तेव्हाही कोणी असं खाऊ घातलं नव्हतं, आणि तिला दिवस गेले तेव्हा तिनं कोणाला खाऊ घालू दिलं नव्हतं, भीतीनं.

हे गावात दिसायचंच. हळदीचे दिवस होते. आम्ही आठ-दहा जणी रानात हळद मोडायला बसायचो, गड्ड्यापासून हळकुंड वेगळं करायचं. जाऊबाई दुपारी पदरातून लाडू काढून माझ्या हातात द्यायची. एक दिवस समोरची म्हणाली, "काय गं, जाऊ लाडू चारून राहिली. दुसरं येऊन राहिलं काय?"

माझं तोंड लाल झालं.

"बघा बघा, लाजली. म्हंजे हायच!"

"कितवा चालू हाय?"

जाऊबाई हळद मोडता मोडता म्हणाली, "हत्तीण हाय ती. बावीस महिने लागतील. तवर हात चालवा, ढीग बघा केवढा पडला."

सगळ्या हसल्या. पण त्या दिवसापासून मला कोणी गोणीला हात लावू देईना. नर्सनंही पुढं वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे आपोआप जमून गेलं. खोटं कोणालाच बोलावं लागलं नाही.

तिसऱ्या महिन्यात रक्त पुरेसं झालं. पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून सुया. सुया थंड ठेवायच्या होत्या आणि फ्रिज आमच्या दोन्ही घरांत नाही. समोर शिलाई मशीन चालवणाऱ्या चाची राहतात, त्यांच्याकडे आहे. जाऊबाई स्टीलचा डबा घेऊन गेली, मी तिच्या मागे.

"क्या रखी गे इसमें? सोना है क्या?"

"दवाई है चाची. इसकी."

चाचीनं माझ्याकडे बघितलं. "ये तो बोलतीच नहीं. बीमार है?"

"न्हाई, बीमार नहीं. ताकत की है."

"तो थोडी बोलने की भी ताकत दे इसको." आणि डबा घेऊन त्याला कापडाच्या पट्टीनं गाठ मारली. "मेरे घर के बच्चे जो दिखा खोलते. अब नहीं खोलेंगे."

रोज संध्याकाळी सातला डबा आणायचा. पहिल्या दोन सुया जाऊबाईनं दिल्या. तिचा हात बसलेला होता, कारण पोट राहिल्यावर रक्त पातळ राहावं म्हणून तिला रोज पोटात सुई घ्यावी लागायची आणि ती स्वतःच टोचायची. माझ्या पोटाची चिमूट धरून म्हणायची, "इकडं नको बघू. पोराची चड्डी वाळत घातली का?" मी दोरीकडे बघेपर्यंत टोचून व्हायचं. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडून सुई मागून घेतली. का ते मलाही सांगता आलं नाही. चिमूट धरली, श्वास सोडला आणि टोचली. मुंगी चावल्याइतकंच दुखलं. जाऊबाई म्हणाली, "बरी शिकलीस," आणि बाहेर जाऊन उगाच अंगण झाडायला लागली.

मधे नांदेडला तीन फेऱ्या झाल्या. पडद्यावर डॉक्टरीणबाई दाखवायच्या, हे काळे गोल दिसतात ना, त्या प्रत्येकात एक बीज असू शकतं. उजवीकडे चार, डावीकडे तीन. रोज थोडे मोठे होत होते. पोट जड झालं, चालताना हात आपोआप पोटावर जायचा. रानातल्या बायकांचं तर आता पक्कं झालं.

शेवटच्या फेरीला नर्सनं वेळा लिहून दिल्या. रविवारी रात्री बरोबर दहाला शेवटची सुई. मंगळवारी सकाळी दहाला बीजं काढायची. मध्ये छत्तीस तास.

"लवकर नाही, उशीर नाही. उशीर झाला तर बीजं आपोआप सुटून जातात. मग हाताला काही लागत नाही. आणि सोमवारी रात्री जेवण झालं की मंगळवारी काही नाही. पाणीसुद्धा नाही."

जाऊबाईनं मान डोलावली. उपास तिला नवीन नव्हते. अकरा वर्षांत तिनं सगळे केले. श्रावणात औंढ्याला नागनाथाला अनवाणी जाऊन आली. सोमवार अजून धरते. ती नर्सला म्हणाली, "त्याची काळजी तुमी करू नका."

रविवारची सुई दहाच्या ठोक्याला झाली. सोमवारी मी लवकर जेवले आणि झोपले. उन्हाळा होता, घशाला कोरड पडली होती, पण मी माठाकडे गेले नाही. मंगळवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही नाक्यावरून हिंगोलीला आलो. नवरा आणि दीर घरी थांबले, दोन्ही लेकरांकडे. नांदेडची गाडी साडेसहाची होती. स्टँडवर कँटीन नुकतंच उघडलं होतं. बाकावर बसले तर माझे ओठ एकमेकांना चिकटत होते. जाऊबाईनं बघितलं आणि उठून गेली. परत आली तेव्हा हातात दोन कप होते.

"घे. अर्धाच आणला तुला."

"नको म्हणल्या होत्या ना."

"पाणी नको म्हणल्या. ते देऊन राहिले का मी? चहानं कुठला उपास मोडला आजवर? निर्जळी सोडली तर सगळ्या उपासाला चहा चालतो. तिथं चक्कर येऊन पडली म्हंजे?"

हे मला बरोबर वाटलं. आज ते वाटणं लिहायला सोपं जात नाही, पण त्या वेळी मला खरंच बरोबर वाटलं. आमच्याकडे रक्त तपासायला जाणारा माणूसही चहा घेऊनच जातो आणि उपाशीपोटी आलो म्हणतो. चहा खाण्यात येत नाही आणि पिण्यातही येत नाही. आणि जाऊबाईचा दवाखान्याचा अनुभव मोठा असला तरी तो वेगळा होता. तिच्या पोटात गर्भ ठेवला तेव्हा तिला उलट तांब्याभर पाणी पिऊन यायला सांगितलं होतं. बाळंतपणात ऐनवेळी पोट फाडलं, तेव्हा काय खाल्लं हे विचारायलाही वेळ नव्हता.

मी अर्धा कप चहा प्यायले. गोड होता, दुधाचा.

नऊच्या सुमारास दवाखान्यात पोचलो. नर्सनं विचारलं, "काही खाल्लं?" मी नाही म्हणाले. "पाणी?" नाही म्हणाले. दोन्ही खरं होतं. हिरवा झगा दिला, केस टोपीत घातले. जाऊबाईनं बांगड्या काढून घेतल्या आणि स्वतःच्या हातात घातल्या.

आत टेबलावर झोपवलं. भूल देणारे डॉक्टर म्हातारे होते. हाताला नळी लावता लावता त्यांनी गाव विचारलं, मी नाका सांगितला. ते म्हणाले, "मग पहाटेच निघाला असाल." मग तसंच, आवाज न बदलता, "चहा कुठे घेतला? हिंगोलीला का?"

त्यांनी हातातली सुई खाली धरली आणि माझ्याकडे बघितलं. अशा विचारण्याला मी नेहमी मान हलवून सुटते. नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं. मला कळलं होतं की चहा चालत नव्हता, आणि हो म्हटलं तर आजचं काम थांबेल. थांबलं तर उशीर, उशीर झाला तर बीजं सुटणार, आणि कुठेतरी एक बाई धुतलेले कपडे पुन्हा धुणार. नाही म्हटलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. भिंतीवर घड्याळ होतं. दहाला दहा कमी होते.

"अर्धा कप," मी म्हणाले.

"दुधाचा?"

"व्हय."

"किती वाजता?"

"साडेसहाच्या गाडीआधी."

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "बरं झालं सांगितलंत. झोपेत ते वर आलं असतं तर फुफ्फुसात गेलं असतं. माणूस जातो त्यानं." रागावले नाहीत. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या दोघांचं हळू बोलणं चाललं. सहा तास थांबायचं तर साडेबारा. साडेबारापर्यंत बीजं राहतील का? राहतील, नाही राहणार, सांगता येत नाही. नर्स बाहेर गेली होती. दाराआडून तिचा आवाज आला, आणि मग जाऊबाईचा.

"पाणी न्हाई म्हणल्या होत्या तुमी. चहा न्हाई असं कुठं म्हणल्या?"

"अहो, चहा कशाचा करतात?"

पुढं नुसत्या बांगड्या वाजल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "थांबू या. जे होईल ते होईल. तुमची चूक नाही."

मी म्हणाले, "झोपवू नका."

"काय?"

"जागीच करा. झोपवायचं न्हाई म्हंजे चहाचं काही न्हाई ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "खाली बधिर करून करता येतं. पण दुखेल. हलायचं नाही. सहन होईल?"

"बाळंतपणात कोण झोपवतं?"

म्हातारे डॉक्टर मोठ्यानं हसले. नर्स आत येत होती, तीही हसली. मला हसवायचं नव्हतं. मला जे सुचलं ते पहिल्यांदाच जागच्या जागी सुचलं होतं.

त्यांनी कागद आणला, पुन्हा सही घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू केलं.

दुखलं. किती ते लिहून उपयोग नाही. एक खोल, आतून ओढल्यासारखी कळ यायची, थांबायची, पुन्हा यायची. म्हातारे डॉक्टर माझ्या डोक्याशी उभे राहिले आणि हळदीचं विचारत राहिले. यंदा कशी पिकली, शिजवायला किती लाकूड लागतं, पॉलिश कुठे करता. मी दातांवर दात धरून उत्तरं देत होते. बाजूच्या भिंतीला एक छोटी खिडकी होती. नर्स नळीतलं पाणी तिकडे द्यायची आणि त्यात बीज शोधणाऱ्या मुलीचा आवाज पलीकडून यायचा.

पहिल्यांदा बराच वेळ काहीच आलं नाही. डॉक्टरीणबाई पुन्हा ओढत होत्या. खिडकी गप्प होती. हळदीला लाकूड किती लागतं ते मी विसरले.

मग आवाज आला, "मिळालं."

थोड्या वेळानं पुन्हा, "मिळालं."

झोपवलं असतं तर हे मला ऐकू आलं नसतं. सावडीत पाती मोजायच्या नसतात, पण मी मोजलं. उजवीकडे तीन, डावीकडे दोन. शेवटच्या वेळी खिडकी गप्पच राहिली आणि डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "छान झालं," म्हणाल्या.

दुसऱ्या खोलीत पलंगावर नेलं. जाऊबाई आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. माझ्या बांगड्या अजून तिच्या हातात होत्या. ती पलंगाला न टेकता उभी राहिली.

"माझ्यापायी गेलं का गं सगळं?"

"न्हाई बाई. झालं."

"किती?"

मला आकडा सांगता आला असता. मी म्हणाले, "दिवस भरला."

ती खाली बसली आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मोठी, मी लहान, असं मी कधी केलं नव्हतं. थोड्या वेळानं नर्स चहा आणि बिस्किटं घेऊन आली. जाऊबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आता पाजू का बाई? का न्हाई? लिहून द्या मला."

"पाजा, पाजा," नर्स म्हणाली. "आणि पुढच्या वेळी..." मग तिला आठवलं की पुढची वेळ नाही, आणि ती थांबली.

जाताना मी नर्सला विचारलं, त्या बाईला दिवस राहिले का हे कधी कळेल? ती म्हणाली, तुम्हाला नाही कळणार. कोणी फोन करणार नाही. मला माहीत होतं, तरी विचारून घेतलं.

चार वाजता सोडलं. परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीकडची जागा मिळाली. अर्धापूर येईपर्यंत जाऊबाई झोपली होती, तोंड उघडं टाकून. गाडीत तीन-चार तरण्या बायका होत्या. तिनं एकीकडेही बघितलं नाही.

आखाडा बाळापूरला एक बाई लेकरू घेऊन चढली आणि माझ्या पलीकडे बसली. लेकरू गाडीच्या हादऱ्यांनी जागं झालं आणि माझ्या पदराचं टोक धरून ओढायला लागलं. त्याची हनुवटी मी बघितली. कान बघितले. माझं असं अजून कोणाच्या पोटातही गेलेलं नव्हतं, सकाळी तर काढलं, हे मला ठाऊक होतं. तरी मी बघत होते, आणि त्या बाईच्या ते लक्षात आलं. एरवी मी मान खिडकीकडे वळवली असती.

"किती महिन्याचं हाय?" मी विचारलं.

"सातवा लागला," ती म्हणाली. "लई ओढतंय ना? सोड रे मावशीचा पदर."

"असू द्या," मी म्हणाले. कळमनुरीपर्यंत त्यानं तो सोडला नाही.